आजोबांचा जेवणानंतरचा शब्द

टिकली : नाही, पण ते कळतं कुठे, आजोबा? पोटात की डोक्यात?

आजोबा : काय कळतं? हात वर कर आधी, मापाची टेप निसटतेय.

टिकली : तुम्ही जेवण झालं की हात जोडता आणि म्हणता, "देवा, तृप्त झालो." ते.

आजोबा : हां, ते होय. आता हात खाली. आणि पोट आत ओढू नकोस, फ्रॉक घालून तुला बसायचंय, उठायचंय.

टिकली : तृप्त म्हणजे पोट भरलं, असंच ना?

आजोबा : शेजारशेजारचे शब्द आहेत ते, पण एक नव्हेत. भूक भागली म्हणजे मघाची कुरकुर थांबली. पोट भरलं म्हणजे आत जागा उरली नाही. आणि तृप्त म्हणजे... जागा असेलही थोडी, पण मन मागत नाही. ताट समोर असतं आणि आपण नुसते बसून राहतो, निवांत.

टिकली : मन नको म्हणालं की पोट ऐकतं?

आजोबा : माझं ऐकतं. तुझ्या बाबाचं कधी ऐकत नाही. त्याच्या लग्नाचा कोट मीच शिवला होता, मीच ऐन वेळी दोन्ही बाजूंनी उसवून दिला.

टिकली : पाण्याने तृप्त होतो का माणूस?

आजोबा : उन्हातून आला असेल तर होतो. माझे तर डोळेसुद्धा होतात, चांगल्या विणीचं कापड बघून. पण झोपेने कोणी तृप्त झालेलं ऐकलं नाही बुवा. झोप नुसती पुरी होते.

टिकली : आणि हा शब्द मोठ्यांचाच असतो?

आजोबा : शब्दाला कसलं आलंय वय? का गं?

टिकली : उगाच.

आजोबा : उगाच नाही. तू घरी आल्यापासून बघतोय मी. माझं जेवण होत आलं की तू हातात घास धरून माझ्या तोंडाकडे टक लावून बसतेस. मला वाटायचं, कवळी बघतेय.

टिकली : कवळी पण बघते.

आजोबा : आणि?

टिकली : तुम्ही परवा म्हणालात, तृप्त झालो. तरी काल आईने तुम्हाला तेवढंच वाढलं.

आजोबा : मग कमी का वाढेल?

टिकली : तिकडे कमी वाढायचे.

आजोबा : तिकडे म्हणजे संस्थेत? आम्ही तुला घरी आणायच्या आधी?

टिकली : हं. वाढणाऱ्या मावशी होत्या. वाईट नव्हत्या हं. पण कोणी बास म्हटलं, नाहीतर ताटात ठेवलं, की त्या म्हणायच्या, हिला एवढं लागत नाही. मग दुसऱ्या दिवसापासून तेवढा भात कमी. मागितलं तर म्हणायच्या, काल तर नको होता. माझ्या शेजारी झोपायची ती मुलगी ताप आला म्हणून नको म्हणाली होती. बरी झाली तरी तिला अर्धाच डाव भात.

आजोबा : आणि तू?

टिकली : मी कधीच नको म्हटलं नाही.

आजोबा : म्हणून परवा ओकलीस.

टिकली : मी संपवलं की आई परत वाढते.

आजोबा : तू संपवतेस म्हणून ती वाढते, आणि ती वाढते म्हणून तू संपवतेस. छान चाललंय दोघी मायलेकींचं. इकडे ती काल माझ्यापाशी येऊन म्हणते, बाबा, हिला डॉक्टरांना दाखवू या. मग म्हणते, नाहीतर माझ्याच हाताला चव नसेल, पोरीचं समाधानच होत नाही. आणि डोळे पुसले.

टिकली : आई रडली?

आजोबा : कांदा चिरत होते म्हणाली. मला काही कांदा दिसला नाही.

टिकली : तिला सांगू नका.

आजोबा : काय सांगू नको?

टिकली : की माझं पोट खूप आधीच भरतं.

आजोबा : नाही सांगत. पण तू एवढं बारीक लक्ष ठेवून आहेस, माझं ताट एकदा तरी कमी झालं का?

टिकली : तुम्ही तिचे सासरे आहात. तुमचं कोण कमी करेल?

आजोबा : हं. हे बाकी खरं. मग माझ्यावरून काहीच ठरत नाही.

टिकली : नाही ठरत.

आजोबा : म्हणजे एकदा तुलाच 'नको' म्हणून बघावं लागणार.

टिकली : आणि उद्या कमी मिळालं तर?

आजोबा : तर माझ्या ताटातलं घे. पण मी सांगून तुला पटायचं नाही, बाळा. माझ्या शेजारी बैस, मी आहे.

(दुपारी. जेवणाच्या टेबलाशी तिघं.)

आई : बाबा, संध्याकाळी डॉक्टरांकडे नंबर लावलाय. याल ना सोबत? ताट पुढे कर गं टिकले, भात गरम आहे.

टिकली : आई...

आई : काय गं? मीठ कमी पडलं का?

टिकली : नाही. छान झालंय.

आई : मग घे की.

आजोबा : सूनबाई, तो डाव जरा खाली ठेव.

आई : वाढत्या अंगाची पोर आहे, बाबा. आता नाही खायचं तर कधी?

आजोबा : तिला काहीतरी बोलायचंय.

टिकली : माझं झालं.

आई : झालं? अगं, ताटात आहे की अजून. पोट दुखतंय का?

टिकली : दुखत नाही.

आई : मग आवडलं नसेल. सांग खरं, मी रागवायची नाही.

टिकली : आवडलं. सगळ्यात जास्त आवडलं.

आई : मग एक घास. माझ्यासाठी.

टिकली : आता नको, आई. उद्या घेईन.