रोममधला चालू नळ

...आणि वर लोक मलाच विचारतात, "जगनभाऊ, रोम कसं आहे?" कसं असणार? ओलं आहे. तुम्हाला सांगतो, माणसाने एक वेळ घरी बसावं, पण ठाण्याजवळच्या त्या बिनपाण्याच्या दिव्यात संसार केलेल्या बायकोला घेऊन रोमला जाऊ नये.

आमचा मुलगा सुमित तिकडे नोकरीला, त्याने तिकिटं पाठवली म्हणून आम्ही गेलेलो. सुरुवात आपल्या एअरपोर्टवरच. तपासणीवाली पोरगी म्हणते, "आंटी, बॉटल का पानी फेकना पडेगा." कुणाला सांगते? आमच्या हिला, शकूला? जिने एवढी वर्षं दिव्यात रात्री-बेरात्री उठून कळशी कळशी पाणी भरलं, तिला? "फेकू कशाला, पिते ना," म्हणाली आणि उभ्या उभ्या अख्खी बाटली घशात ओतली, मागे ही लाइन तुंबलेली... आणि मग विमानात ती खिडकीला, मी बाजूला, म्हणजे रोम येईपर्यंत मी उठतोय, बसतोय, उठतोय, बसतोय.

आता मला बघायचं होतं एकच. ते कोलोसियम. शाळेच्या पुस्तकात चित्र होतं, तेव्हापासून डोक्यात बसलेलं. वागळे इस्टेटच्या कारखान्यात लेथवर उभ्याने जन्म काढला, पण ते काही गेलं नाही. आत जाऊन एकदा मधोमध उभं राहायचं, बस्स. सुमितने तिकिटं काढून दिली, वर बजावलं, "बाबा, दिलेल्या वेळेलाच आत सोडतात हां. बस पकडा, उतरा, समोरच आहे."

निघालो. तर बसस्टॉपच्या बाजूला नळ. लोखंडी, बुटका, आणि त्याला बंद करायची चावीच नाही हो! धो धो वाहतोय, लोक बाजूने जातायत, कुणाला काही नाही. शकू थांबली. "अहो, पाणी वाया चाललंय." म्हटलं, अगं, इथे असंच असतं. "असंच कसं? कुणीतरी विसरलंय." झाली चावी शोधायला सुरुवात, पुढून, मागून, खालून... बस आली, बस गेली. मग पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढल्या, भरल्या. उचलल्या कुणी? मी.

म्हटलं, चालत जाऊ. तिथेच चुकलो. त्या गावात जरा पुढे गेलं की नळ, आणि नळ आला की, "अहो, पाणी वाया चाललंय." बाटल्या गच्च भरलेल्या, तरी तिचा जीव राहीना. शेवटी नळाच्या तोंडात बोट घातलं, बंद करायला. आता त्या नळाला वरच्या अंगाला एक भोक असतं, हे मला कोण सांगणार... पिचकारी थेट माझ्या शर्टावर. एक गोरा थांबून टाळ्या वाजवतोय, त्याला वाटलं आम्ही खेळतोय.

ओरडणारच होतो. खरंच सांगतो. पण तिचं तोंड बघितलं, रडवेली झालेली. "एका कळशीसाठी मी शेजारणीशी वर्षभर बोलले नाही," म्हणाली, "आणि इथे कुणी बंदसुद्धा करत नाही." मी शर्ट पिळला आणि चालायला लागलो.

गेटवरचा माणूस तिकीट बघतो, घड्याळ बघतो, माझा शर्ट बघतो. "नो." मी हात जोडतोय, सॉरी म्हणतोय, सुमितला फोन लावतोय, तो म्हणतो आता पुढची तिकिटं तुमच्या परतीच्या विमानानंतरचीच मिळतायत... आणि मागून शकू बाही ओढतेय, "अहो, तिकडे बघा, पाणी वाया चाललंय." झालं. बाहेरून बघितलं. मोठं आहे.

संध्याकाळी सुमित समजूत काढायला बसला. "जाऊ दे ना बाबा, उद्या कारंजं बघू. भिंतभर पाणी कोसळतं. तिकीट नाही, वेळेची भानगड नाही." मी त्याला डोळ्यांनी खुणावतोय, गप बस, गप बस... पण शकूने ऐकलेलं. "भिंतभर?" म्हणाली. आणि मग हळूच, "सुमित, इथे ड्रम कुठे मिळतो रे?"

म्हटलं, झाकणवाला बघ.