बबनभाऊ नाई म्हणते तवा

माह्यं माहेर सावली गावाजवळचं, धानाच्या पट्ट्यातलं. बाप दुसऱ्याच्या बांधीत रोवण्याले जाये अन् आम्ही बहिणी त्याच्या मागं मागं चिखलात, तं गाडी म्हणजे काय चीज असते हे मले लग्नातच समजलं, काऊन का वरात जीपमधी आली अन् जीप कोण चालवून राह्यला होता, तं खुद्द नवरदेव! काय सांगू तुम्हाले, विहारासमोर उतरला तं पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचा डाग, रस्त्यात बेल्ट तुटला म्हणे, दुसऱ्याच्या हाती गाडी देववली नाई. माह्या मावशीनं नाक मुरडलं, मेकॅनिकले पोरगी देऊन राह्यले का जी म्हणे. मी पदराआडून पाह्यलं अन् मनात म्हटलं, जो माणूस गाडीले इतका जपते तो बायकोले कसा टाकन. अन् नाई टाकलं जी त्यानं, खोटं कायले बोलू.

त्याची ती जीप धानोरा ते गडचिरोली सवारी मारे. जंगलाचा रस्ता, एसटी मोजक्या, तं लोकं जीपच्या भरवशावर, अन् जीप बबनभाऊच्या भरवशावर. बबनभाऊचं गॅरेज गडचिरोलीत शिरताना रोडलेच आहे, कडुलिंबाखाली टिनाचं शेड, आताही आहे. हा माणूस म्हणजे गरीब गाय वगैरे नाई बरं, तसं लिहू नोका तुम्ही. भलता ताठ. तोंड सुटलं का सुटलंच, गिऱ्हाईकाले शिव्या, साहेबलोकायलेही शिव्या, अन् वरून सांगते का पूर्ण जिल्ह्यात माह्यासारखा हात नाई. सूरजागडच्या खाणीकडच्या लाल धुळीनं माखलेल्या गाड्याही त्याच्याकडे येते, तं तो म्हणते पाहा, तिकडून इथवर येते लोकं, उगाच येते का? पण त्याची एक रीत आहे, ती मले पहिल्यापासून आवडे. गाडी नेली का तो बोनेट नाई उघडत. आधी म्हणते, चल, चक्कर मारून येऊ. तुमच्या बाजूले बसते अन् डोळे मिटते, तुम्ही चालवत राहा. लोकं म्हणे झोपते लेकाचा. झोपत नाई जी, ऐकते. परत आलं का सांगते, हे करतो, हे करतो, अन् हे माह्यानं होत नाई, हे दुसरीकडे ने. बाकी सगळ्या गोष्टीत फुशारकी, पण इथी सरळ नाई म्हणते, त्याची त्याले कधी लाज नाई वाटली.

मंग आमच्या ह्यायले लकवा मारला, उजवी बाजू गेली. जीप अंगणात उभी, हे खाटेवर, अन् मी लोकायच्या वावरात धान कापून राह्यली. एक दिवस हेच म्हणे, तू चालव. मी म्हटलं डोकं फिरलं का तुमचं. म्हणे मले बाजूले बसव. तं असं शिकली जी मी, हे डाव्या हातानं दाखवत, गिअर टाक, आता सोड, अवो सोड ना, अन् मी रडत रडत पूर्ण गावाभोवती, लेकरं मागं पळून राह्यले तमाशा पाहाले. पहिल्यांदा एकटी गडचिरोलीले गेली तं बबनभाऊ बाजूले बसला, डोळे मिटले, मले वाटलं आता हा मायबाप काढते. चक्कर मारून आलो. म्हणे, बाई, क्लचवर पाय ठेवून बसू नोको, तो काय पाट आहे का पाय ठेवाले? बाकी ठीक. अन् मंग हळूच म्हणे, तुह्या गाडीत आता लेकीबाळी बसन, तं ऐक, जे मले येते ते मी करीन अन् जे येत नाई ते तोंडावर सांगीन. अन् झालंही तसंच, बाया, पोट्ट्या गाडी पाहून चढे, दुसरी समोर उभी असली तरी थांबे, म्हणे बाईची गाडी येऊ दे, बाईची गाडी रस्त्यात बंद नाई पडत. हे नाव म्हणजे माही कमाई होती जी, दुसरं काय होतं माह्याजवळ.

जीप म्हातारी झाली तवा फायनान्सवर नवी घेतली, आठ सीटची, पांढरी. पहिली सर्व्हिसिंग आली तं मी सरळ बबनभाऊकडे. तो खाली बसून चाक खोलून राह्यला होता, वर न पाहताच म्हणे, नाई. मी म्हटलं काऊन? म्हणे वॉरंटी आहे तोवर चंद्रपूरले शोरूममधी ने, इथी मी पाना लावला अन् उद्या इंजिनात काही निघालं तं ते म्हणन बाहेर खोललं, अन् तू बसशील बोंबलत. मी म्हटलं भाऊ, तेलपाण्यासाठी इतक्या दूर कोण जाईन? म्हणे तू जाशील. बाजूचा चहावाला हसे, म्हणे दारी आलेलं गिऱ्हाईक वापस धाडते, याचा धंदा कसा होईन बाप्पा.

तं गेली मी चंद्रपूरले. वैनगंगेचा पूल, सावली, मूल, माहेरचाच रस्ता. शोरूममधी काय थाट! काचच काच, थंडगार, चपला काढू का ठेवू समजे ना, तं मी काढल्या. एक पोरगी धावत आली, मावशी, घाला घाला, इथी कोणी नाई काढत. पल्लवी तिचं नाव, चामोर्शीकडची, आपल्यासारखीच बोले. तिनं काचेतून आतलं सगळं दाखवलं. खरं सांगते, मले आवडलं ते काम. नट आवळाचा पाना असा का पुरा आवळला का कट्ट वाजे, ना जास्त ना कमी. गाडीले वायर लावून कम्प्युटरवर पाहे, आपला कार्डिओग्राम काढते तसा. तेल कोणतं, काऊन बदललं, पल्लवी एक एक सांगे, अन् मले न इचारता वरचं काही केलं नाई. फक्त एक गोष्ट खटकली, कोणी बाजूले बसलं नाई. मी म्हटलं बाई, माह्यासंग एक चक्कर तं मारा. ती हसली नाई जी. पुढच्या टायमाले खरंच एका मेकॅनिकले बसवलं. डोळे नाई मिटले त्यानं, पण बसला.

आता मोहाचं ऐका. आमच्या तिकडे मोह पडाले लागला का अंगणात मोहच मोह, सवाऱ्या टोपल्या घेऊन चढते, फुलं सीटखाली सांडते, अन् माहीही चटई वाळणाची गाडीच्या बाजूलेच. त्या दिवसात चंद्रपूरहून गाडीची सर्व्हिसिंग करून आणली अन् चार दिवसात समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मी म्हटलं आत्ताच तं शोरूममधून आली, काय होते. त्या सकाळी गावच्या पोट्ट्या पोलीस भरतीच्या ग्राउंडले चालल्या होत्या. वर्षभर सडकेवर धावल्या त्या, लोकायनं नावं ठेवली तरी धावल्या, अन् त्यायच्या मायनं माह्या भरवशावर धाडल्या. अन् जंगलात मधोमध गाडीनं झटके खाल्ले अन् बंद! पोट्ट्या उतरून ढकलते, मी चाबी फिरवते, काही नाई. एक जण तं रडाले लागली. नशीब, तांदळाचा ट्रक आला, ड्रायव्हर वळखीचा, त्यानं बसवलं, अन् गेट बंद होता होता पोहोचल्या त्या. पण ट्रकवर चढता चढता एक जण म्हणे, मावशी, आमचं वर्ष गेलं असतं ना. दुसऱ्या दिवसापासून बाया दुसऱ्या गाडीत बसाले लागल्या, माह्याकडे पाहून मान खाली घालून, गाडी कधी सुधरते हेही कोणी इचारलं नाई.

ट्रॅक्टरनं ओढून गाडी गडचिरोलीले आणली. तोवर जो भेटे तो म्हणे शोरूमवाले मुद्दाम करते, तुम्ही वापस याव म्हून. मी तापलेलीच होती. बबनभाऊले म्हटलं, चला माह्यासंग, तोंडावर सांगा त्यायले का यायनं काम बिघडवलं, तुम्ही म्हणलं का मी तिथी बसून भांडते, अन् यापुढं वॉरंटी गेली चुलीत, गाडी तुमच्याकडेच. गाडी चालत नाई तं चक्कर कशी मारन, तो नुसता सीटवर बसला, नाक फुरफुरवलं. म्हणे, बाई, मोहाची वाहून राह्यली का? मी म्हटलं, अवो दारू नाई, फुलं! तवा त्यानं बोनेट उघडलं, आत हात घातला, अन् मूठ उघडून मले दाखवली. अर्धी खाल्लेली मोहफुलं, वाळलेली, अन् लेंड्या. खाली वायर कुरतडून ठेवलेली. उंदरायनं माह्या इंजिनावर संसार मांडला होता जी! गरम जागा, वरून मोहाचं जेवण.

मी म्हटलं तरी पण भाऊ, तुम्ही एक शब्द... तो म्हणे, नाई. शोरूमवाल्यायचं काम चोख आहे, हे पाह्य, हा नट पाह्य, असा मी नाई आवळत, माह्याकडे तो पाना नाई. मले असा राग आला, मी म्हटलं तुम्ही आहे तरी कोणाच्या बाजूनं? म्हणे उंदराच्या, त्यानं तरी खोटं नाई केलं काही. सारं गॅरेज हसलं. मी नाई हसली. दोन घोट पाणी पेली तवा डोक्यात आलं, अरे, हा माणूस एक हो म्हणता तं मी जन्मभर याच्या दारी आली असती. अन् यानं नाई म्हटलं.

मंग म्हणे त्या शोरूमच्या पोरीचा नंबर दे. अन् काय सांगू, ज्याच्या तोंडून मी कधी जी ऐकलं नाई तो म्हणे नमस्कार म्याडम, तुमच्या गाडीची वायर उंदरानं खाल्ली, तुम्ही म्हणत असान तं जोड मारतो, नाई तं अशीच धाडतो. पल्लवीनं फोटो मागवला, आतल्या माणसाले दाखवला, म्हणे जोडा भाऊ, मावशीले सांगा हळू या. त्यानं जोडली, वरून नळी चढवली, जशी आपण लेकराच्या बोटाले चिंधी बांधतो तशी निगुतीनं.

चंद्रपूरले पल्लवी म्हणे, मावशी, खरं सांगते, उंदराचं वॉरंटीत बसत नाई. पूर्ण वायरिंग बदलता येते, पण महाग पडन. अन् त्यायच्या मोठ्या मिस्त्रीनं तो जोड हातात घेऊन उलटापालटा पाह्यला, म्हणे हे बदलाचं कामच नाई, गाडी मोडन पण हा जोड नाई तुटत, कोणी मारला? पल्लवीनं नुसती जाळी बसवून दिली अन् म्हणे मोह गाडीपासून दूर वाळवा. म्हणजे पाहा तुम्ही, इकडे हा नाई म्हणते, तिकडे तीही नाई म्हणते, अन् मी मधात, माही तं छातीच भरून आली. मी मोठ्या मिस्त्रीचं बोलणं बबनभाऊले सांगतलं तं म्हणे, म्हटलं नव्हतं का तुले, पूर्ण जिल्ह्यात असा हात नाई!

सवाऱ्या आल्या वापस, हळूहळू. मीच पोट्ट्यायच्या मायकडे गेली, उंदराचं सांगतलं, हसल्या, बसल्या. त्या पोट्ट्यायपैकी एक लागली पोलिसात, सुटीत येते तं स्टँडवर माहीच वाट पाहते.

आता वॉरंटी संपली. लोकं इचारते, बाई, शोरूम चांगलं का गॅरेज? मी म्हणते, तेलपाणी, धूळ, ब्रेक, आवाज बबनभाऊकडे, अन् कम्प्युटरचं चंद्रपूरले. पण खरं इचाराल तं कोण तुम्हाले नाई म्हणते ते पाहा जी, जो सगळ्यालेच हो म्हणते त्याच्या हाती मी बकरीही नाई देणार.

अन् ही आत्ताची गोष्ट. ब्रेक कराले गेली, भाऊ बाजूले बसला, डोळे मिटले, चक्कर मारली. परत येऊन चाकापाशी बसला, हात फिरवला, परत फिरवला, अन् उठला. चार गिऱ्हाईकं उभे. मोठ्यानं म्हणे, नाई. मी म्हटलं आता काय, वॉरंटी तं गेली. म्हणे गाडीत काही नाई, मले दिसत नाई. ऐकू येते, दिसत नाई. ब्रेकचं काम आहे, लेकीबाळी बसते तुह्या गाडीत, चंद्रपूरले ने. जिल्ह्यात माह्यासारखा हात नाई म्हणणारा माणूस, सगळ्यायसमोर. मले रडू आलं जी, मी लपवलं नाई. म्हटलं नेते, पण तुम्हीही बसा पुढं.

मोतीबिंदू निघाला. गाडी पल्लवीकडे दिली, याले दवाखान्यात नेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पण आधी पल्लवीनं त्याले आत नेऊन तो कट्ट वाजणारा पाना हातात दिला. त्यानं एक नट आवळला, कट्ट वाजलं, तं लेकरावानी हसला.

डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी निघालो. नवे ब्रेक. तो बाजूले बसला, उरलेला डोळाही मिटला, मूलपर्यंत एक शब्द नाई. मी भीतभीतच चालवून राह्यली होती, जशी पहिल्या दिवशी. सावली आली तवा म्हटलं, भाऊ, काय ऐकू येते? म्हणे काही नाई. बाई, काहीच नाई ऐकू येऊन राह्यलं. चांगलं केलं पोट्टीनं.

अन् पूल आला तं पाहते, मान खिडकीकडे कललेली, घोरून राह्यला. खरंच झोपला जी तो. इतक्या वर्षात माह्या गाडीत पहिल्यांदा झोपला. भलं होवो त्याचं, मी गडचिरोलीपर्यंत हॉर्न नाई वाजवला.