मधल्या खडकावरची राखण

राही : नाय जाणार मी घरी. आजी झोपली की मग जाईन.

गुरुजी : अगं, सकाळच्या एसटीनं तू आश्रमशाळेला निघणार. मग थेट मे महिन्यात येशील. आणि आजची संध्याकाळ माझ्या ओट्यावर काढणार?

राही : तुमचा ओटा चांगला हाय. ढकलत नाय कुणाला.

गुरुजी : आजीनं ढकललं?

राही : मी नुसती मागून जाऊन मिठी मारली, तर किंचाळली न् ढकललंच मला. भाताच्या भाऱ्यावर जाऊन पडले. अख्खी दिवाळीची सुट्टी गेली, एकदा पण जवळ घेतलं नाय. कुशीत पण नाय झोपू देत.

गुरुजी : तिला पावसाळ्यात नागीण झाली होती ना?

राही : ती गेली कवाच. फोड सुकले, खपल्या पडल्या. बारकी काकी बोलते, म्हातारी सोंग करते. रविनाताईच्या हळदीला रातभर गात होती, तवा कुठं दुखलं? मी हात लावला की तेवढं दुखतं!

गुरुजी : चिडून विचारलास, पण प्रश्न चांगला विचारलास. बस इथे. मला एक सांग, खाली ओहळावरून हाक मारली, तर वर पाड्यात ऐकू येते?

राही : नाय. मधल्या खडकावर कुणाला तरी बसावं लागतं. मीच बसायची, आश्रमशाळेत जायच्या आधी. खालून हाक आली की वर सांगायची.

गुरुजी : प्रत्येक हाक सांगायचीस?

राही : कोण सांगल? वाळूकाका एक खेकडा गावला तरी बोंबलतो. ते काय सांगायचं?

गुरुजी : म्हणजे मधला माणूस नुसता निरोप पोचवत नाही. काय पोचवायचं ते ठरवतोही. बरं, खाली दोघं एकदम ओरडले तर?

राही : मग जो मोठ्यानं ओरडंल त्याचं ऐकू येतं. दुसऱ्याचं राहून जातं.

गुरुजी : आणि वरून तुझी आई ओरडली तर?

राही : आई बोलायची, बाळ झोपलंय, आता काय पण सांगू नको. मग मी गप.

गुरुजी : आता पाठीवर हात ने. मणके लागतात हाताला? त्यांच्या आतून एक जाड नस जाते, थेट मेंदूपर्यंत. पुस्तकात तिला मज्जारज्जू म्हणतात. तिथे तुझ्यासारखे राखणदार बसलेत, लाखांनी. पायात काटा गेला, की बातमी आधी त्यांच्याकडे. ते ती वर मेंदूला कळवतात. मग तुला दुखतं.

राही : मला तर लगेच दुखतं.

गुरुजी : कारण काटा म्हणजे मोठी बातमी, ती ते लगेच कळवतात. खेकड्यांच्या नादी लागत नाहीत. ढोपर आपटलं की काय करतेस?

राही : चोळते. बरं वाटतं... थांबा, थांबा! म्हणजे दोघं एकदम ओरडतात. न् चोळलेलं जास्त ऐकू येतं!

गुरुजी : शाबास! आणि हळदीच्या रात्री आजीच्या डोक्यातून निरोप खाली गेला, की लगीनघर आहे, जरा गप बसा. तिचं दुखणं खोटं नव्हतं, न् गाणंही खोटं नव्हतं.

राही : मग मी मिठी मारली तवा राखणदार का नाय गप बसले?

गुरुजी : गेल्या शिमग्याला बिबट्या आला होता, तो कुणी पाहिला?

राही : मीच! शेळी नेली त्यानं. एवढ्या जोरात ओरडले की घसाच बसला.

गुरुजी : बिबट्या गेला. त्यानंतर खडकावर बसून काय करायचीस?

राही : हसायचं नाय हां. पान हललं तरी ओरडायची, बिबट्या! एकदा तर भगीरथदादा झाडीतून आला. सगळे काठ्या घेऊन धावले, तर त्याच्या हातात टमरेल.

गुरुजी : हसत नाही मी. खोकला आला. तू सोंग करत होतीस का गं?

राही : नाय! खरंच वाटायचं मला!

गुरुजी : आजीच्या पाठीतल्या राखणदारांचं तसंच झालंय. नागीण कातडीवर दिसली, पण होती ती नसेत. गेली ती नस दुखावून गेली. आता नुसता पदर सरकला, तरी राखणदार वर कळवतात, की आग लागली.

राही : न् मी?

गुरुजी : तुझी वेणी घासली असेल तिच्या बरगडीला.

राही : मी शाळेच्या नव्या रिबिनी दाखवाय गेली होती. तिनं मला सांगितलं का नाय?

गुरुजी : ते मला कसं ठाऊक असणार? चल, तिलाच विचार.

(दोघं शेजारी काशीआजीच्या अंगणात येतात.)

काशी : आली का गो? भाकर झाकून ठेवली हाय.

राही : कुठनं कुठवर दुखतं, दाखव.

काशी : काय सांगितलंत गुरुजी पोरीला?

गुरुजी : काल शहापूरला डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांना सांगितलं तेच. तुम्ही घरी येऊन गप्प राहिलात, काशीबाय.

काशी : मग काय करू? लेकरू तिकडं मुरबाडच्या बाजूला, परक्या पोरींत. आजीला काय झालं, मरते का काय, म्हणून रडत बसंल. त्यापेक्षा रागावून गेलेलं बरं. रागावलेलं पोर जेवतं तरी.

राही : मी कुठं जेवले?

काशी : ये इकडं. हे बघ, हितनं, कण्यापासनं निघतं, न् ह्या बरगडीवरनं पुढं येतं. वारा लागला तरी सुया टोचतात. माशी बसली तरी जीव जातो. लोक बोलतात, कातडी तर साफ दिसते. मग मलाच वाटाय लागलं, माझंच डोकं फिरलं.

राही : डोकं नाय फिरलं तुझं. राखणदार घाबरलेत.

काशी : कोण?

राही : सांगते मग. किती दिवस घाबरतात, गुरुजी?

गुरुजी : कुणाचे काही महिन्यांत शांत होतात, कुणाचे फार वेळ घेतात. त्यांना समजवायलाच रात्रीची गोळी दिलीय.

काशी : ती झोपेची हाय. मी नाय घेतली.

गुरुजी : काशीबाय!

काशी : उगाच वरडू नका. पोरीसमोर नको.

राही : आज घेशील. माझ्यासमोर.

काशी : बघा, पाचवीत गेली तर कशी बोलते.

राही : गुरुजी, मग मिठी मारायचीच नाय का?

गुरुजी : बाई म्हणाल्या, पिसासारखं हलकं काही फिरलं की जास्त भडकतं. अख्खा तळवा घट्ट ठेवला, अजिबात न हलवता, तर कुणाकुणाला सोसतं. सगळ्यांना नाही. ती थांब म्हणाली की लगेच थांबायचं.

काशी : नको गो बाय. परत ढकललं माझ्या हातानं, तर तेच मनात घेऊन जाशील शाळेला.

राही : ढकल. मला आता कळतंय ना, कोण ढकलतं ते.

काशी : अशी बोलतेस... बरं, ह्या अंगानं बस. वेणी मागं टाक.

राही : टाकली. ठेवू हात?

काशी : ठेव. हळू नको, घट्ट.

राही : असा?

काशी : हां.

राही : दुखतं?

काशी : दुखतं. बस तशीच.