साडूभाऊंच्या टायरांची नक्षी

...नाही, टायर कधी बदलायचे, एवढाच प्रश्न होता हो! त्याला तीन आठवडे? तुम्हाला सांगतो, तेवढ्या वेळात लोक लग्न ठरवतात, मोडतात आणि दुसरीकडे जमवतातसुद्धा. पण आमचे साडूभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यांचं टायर या विषयातलं ज्ञान अफाट! अफाट असणारच, जन्मात एकही बदललेला नाही ना!

आता आमचा डबा म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही जेवणाचा समजाल. आम्ही दोघा साडूंनी मिळून घेतलेलं चाकांवरचं घर. गाडीच्या मागे अडकवायचं आणि ओढत न्यायचं. कंपनी त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणते, घरात सगळे डबा म्हणतात. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. आणि आठ वर्षांत गेलो किती वेळा? चार! बाकी सगळा काळ डबा साडूभाऊंच्या अंगणात उभा, आणि दर रविवारी साडूभाऊ बनियनवर, खाली पोतं टाकून, एकेका चाकापुढे मांडी घालून त्याला काळं पॉलिश चोपडतायत. स्वतःच्या बुटांना कधी लावलं नाही हो या माणसाने! आणि अंगणात कुणी आलं, अगदी गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस का असेना, त्याला वाकवायचं, टायरच्या खाचांत बोट घालायला लावायचं आणि वर मान ताठ करून म्हणायचं, "नक्षी बघा, नक्षी!"

तर झालं काय, सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचं, आक्कांचं, ऑपरेशन ठरलं. हृदयाचं. आक्का फोनवर म्हणाल्या, "आत जायच्या आधी एकदा तुझं तोंड बघू दे गं." नऊ वर्षं भेट नाही दोघींची! सासूबाईंची पाठ अशी, की तासभर बसल्या की आडवं व्हावं लागतं. मग डबा न्यायचा, तासातासाने थांबायचं, पलंगावर पाठ टेकवायची, पुन्हा निघायचं. ठरलं! सासूबाईंनी त्याच दुपारी पिशवी भरून दाराशी ठेवली. आणि मी गाढव, मी नुसतं विचारलं, "टायर एकदा दाखवून घ्यायचे का?"

संपलं. घराण्याचा अपमान!

साडूभाऊंनी मीटिंग घेतली. डब्यात. मेव्हणीने चहा केला, माझी बायको कागद-पेन घेऊन बसली, आणि साडूभाऊ बोलले पाऊण तास. पुढच्या रविवारी पुन्हा मीटिंग, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा! ठराव काय? तर नक्षी उत्तम आहे. सासूबाई दारातून विचारतायत, "जावईबापू, निघायचं कधी?" इकडे आक्कांच्या ऑपरेशनला चार दिवस उरलेत! शेवटी मेव्हणीच कडाडली, "अहो, दाखवून आणा एकदा त्या टायरवाल्याला, नाहीतर मी आईला पाठुंगळी घेऊन निघते!"

टायरवाला आला. वाळका माणूस, तोंडात शब्द मोजके. नक्षीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही! थेट बॅटरी घेऊन डब्याखाली शिरला आणि खालूनच विचारलं, "वय किती?"

साडूभाऊ म्हणाले, "अठ्ठावन्न."

"तुमचं नाही. टायरचं."

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात म्हणे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते नेमके आतल्या अंगाला, म्हणून आठ वर्षं आम्हा दोघांपैकी कुणाला दिसले नाहीत. टायरवाला बाहेर आला, गुडघे झटकले, म्हणाला, "आठ वर्षं झाली. पाच-सहा वर्षांत बदलायचे असतात. डब्याचा टायर झिजून मरत नाही साहेब, उभ्या उभ्या वाळतो." आणि त्याने अंगठ्याचं नख टायरच्या बाजूवरून ओढलं. पॉलिशचा हा जाड काळा थर निघाला, आणि खाली भेग! एक नाही, जाळं होतं जाळं! आठ वर्षं दर रविवारी हा माणूस भेगा लिंपत होता हो! स्वतःच्या हाताने! आणि वर स्वतःच तपासत होता, की कुठे भेग दिसत नाही ना!

साडूभाऊ काय म्हणाले असतील? सांगा ना! म्हणाले, "तुम्ही ओरखडा काढलात!"

निघून गेला बिचारा टायरवाला. आणि साडूभाऊ माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणतात, "धंदा आहे त्यांचा. ते बदला असंच म्हणणार. तुम्ही नक्षी बघा, नक्षी!" आणि मी काय केलं? आता तुमच्यापासून काय लपवू... मान डोलावली. साडूशी वाद नको म्हणून! भेगा डोळ्यांनी बघितल्या आणि मान डोलावली. मूर्खपणात माझा वाटा निम्मा, डब्यात आहे तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. साडूभाऊ चालवतायत, मी शेजारी, मागे सासूबाई दोन मुलींच्या मध्ये. तीन तास बरे गेले. साडूभाऊ तर गुणगुणत होते! आणि आक्कांचं घर चाळीस किलोमीटरवर असताना... धडाम्! मग फटक, फटक, फटक, कुणीतरी डब्याला खालून पट्ट्याने बडवतंय असा आवाज. सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी फुटलं." साडूभाऊ म्हणाले, "पुढच्या ट्रकचं असेल." पुढे ट्रक नव्हता! सायकलसुद्धा नव्हती!

उतरून बघतो तर मोरी फाटलेली, पाण्याची टाकी लोंबतेय, कपबश्या रस्त्यावर. आणि मागे, रस्त्याच्या मधोमध, टायरवरून सोललेली अख्खी नक्षी पडलेली! एका तुकड्यात! साडूभाऊ धावत गेले, दोन्ही हातांनी ती उचलून आणली, आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या चेहऱ्यावर आनंद होता. "बघा! एक रेघ झिजलीय का? मी म्हणत नव्हतो?"

मग स्टेपनी काढली. ती तर म्हणे जमिनीला लागलेलीच नाही, म्हणजे कोरी करकरीत! मेव्हणीने तिच्यावरून नख ओढलं. तेच जाळं.

सासूबाई इतका वेळ दगडावर बसून होत्या. उठल्या. डबा ओढून न्यायला मदतीचा ट्रक आला होता, त्याच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "दादा, हे राहू दे इथेच. आधी मला सोड. माझी बहीण वाट बघतेय." पिशवी घेतली आणि चढल्या वर! ती पाठ घेऊन! जाताना खिडकीतून म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही दोघं नक्षी बघा."

पोचल्या. वेळेत पोचल्या. रात्रभर दोघी हातात हात घेऊन बोलत बसल्या म्हणे. ऑपरेशन नीट झालं, आक्का आता खणखणीत आहेत. हे ऐकलं तेव्हा, खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

डबा दुरुस्त होऊन अंगणात परत आला, आणि आता कुठे पाचही टायर नवे आणले, स्टेपनीसकट! सासूबाईंना परत आणायचंय. मी म्हटलं, "साडूभाऊ, उद्या निघू या?" तर हा माणूस डब्यापुढे आडवा! "वेड लागलंय का? कोरे टायर आहेत! रस्त्यावर नेले तर झिजतील ना!"

सासूबाईंना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "मला घाई नाही. इथे कुणी मीटिंग घेत नाही."

तर डबा उभा आहे. पॉलिश बंद झालंय हं, तेवढी सुधारणा! आता साडूभाऊंना कळलंय की उन्हाने रबर वाळतं. म्हणून चाकांवर ताडपत्री टाकायची, आणि ऊन फिरेल तशी ती सरकवायची. ते दिवसभर ऑफिसात, आणि मी निवृत्त. म्हणजे कोण सरकवणार? ...थांबा हं, आलोच. डाव्या चाकांवर ऊन आलं.