माधवरावांची नऊ वर्षांची शिक्षा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि टॉवर कंपनीचे विभागप्रमुख माननीय अनीश साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले कंपनीचे सर्व अधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सावेडीच्या या सभागृहात जमलो आहोत ते आमचे माधवराव मुळे, त्यांच्या शेजारी बसलेल्या प्रणितावहिनी, समोरचा सर्व तंत्रज्ञवर्ग, आणि मागच्या तीन रांगांत खुर्चीवर मांडी घालून बसलेली माझी खोकडवाडीची माणसं, या सगळ्यांना माझा सविनय नमस्कार.

मी पंकजा ढाकणे, पाथर्डी तालुक्यातल्या खोकडवाडीची माजी सरपंच. सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. सरपंचाला पाच मिनिटं देणारा माणूस ग्रामसभेला कधी आलेला नसणार, हे उघड आहे. तेव्हा त्यांनी घड्याळ खिशात ठेवावं, ही विनंती.

आधीच्या वक्त्यांनी माधवरावांचं खूप कौतुक केलं. अडतीस टॉवर सांभाळले, पुरात सांभाळले, वादळात सांभाळले. सगळं खरं आहे. पण मी तुम्हाला त्यांच्या गौरवपत्रात नसलेली एक गोष्ट सांगायला एवढा करंजी घाट उतरून आले आहे. मंडळी, या सत्कारमूर्तींनी आमचा माळ जाळला होता.

अनीश साहेब, तुम्ही चुळबूळ करू नका. चहा येईपर्यंत सगळं ठीक होणार आहे.

आमच्या गावाला तीनशे एकर गायरान आहे. आम्ही त्याला नुसतं माळ म्हणतो. झाड औषधाला नाही, सगळं गवत. परगावचा माणूस बघून म्हणतो, पडीक जमीन दिसते. पण त्या गवतावर गावातली सहाशे शेरडं-मेंढरं जगतात. तिथं ससे आहेत, खोकड आहेत, जमिनीवर अंडी घालणारे चंडोल आहेत. आणि दसरा झाला की तिथं भोवत्या यायचे. भोवत्या म्हणजे ससाण्यासारखा, लांब पंखांचा शिकारी पक्षी. पार उत्तरेकडून येतो. दिवसभर शिवारात नाकतोडे टिपतो आणि सांजेला उंच गवतात, जमिनीवरच बसून झोपतो. गवत नाही तर भोवत्या नाही, आणि भोवत्या नाही तर आमच्या तुरीचं नाकतोडे काय करतात ते विचारू नका.

या माळाच्या कडेला तुमच्या कंपनीचा टॉवर उभा राहिला. त्याचं ते डिझेलचं इंजिन दिवसरात्र धडधडायचं, तेल मुरमात मुरायचं. आम्ही काही बोललो नाही. पोरांना नेटवर्क हवं होतं, खरं सांगायचं तर मलाही हवं होतं.

आता तुमच्या कंपनीची एक पद्धत होती. अधिकारी मंडळींना आठवत असेल. दर तीन महिन्यांनी टॉवरच्या कुंपणातला फोटो पाठवायचा, आणि त्या फोटोत गवताची काडी दिसता कामा नये. गवत दिसलं की लाल शेरा. नऊ वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत गवत कापायला माणूस मिळाला नाही. माधवरावांना त्या दिवशी अजून चार टॉवर करायचे होते. त्यांनी कुंपणातलं गवत पेटवलं, कडेनं दोन बादल्या पाणी मारलं, बुटानं विस्तव तुडवला, फोटो काढला आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेले. फोटोवर पुण्याहून शेरा आला, उत्तम.

कुंपणाच्या कडेला वाळलेलं शेण होतं. ते आतल्या आत धुमसत राहिलं. तासाभरानं वारा सुटला आणि दिवस मावळायच्या आत दोनशे एकर माळ काळा झाला. आम्ही गोणपाटं घेऊन धावलो तोवर धावण्यासारखं काही उरलं नव्हतं. चंडोलाची घरटी गेली, सशांची पिल्लं गेली. त्या संध्याकाळी भोवत्या आले, बराच वेळ वरच्या वर घिरट्या घालत राहिले आणि निघून गेले.

आग कुणी लावली? गावाला उत्तर लागतं, आणि लवकर लागतं. टॉवरजवळ तीन दगडांची एक चूल सापडली. ती लंकाबाईंची. लंकाबाई इथं पहिल्या रांगेत बसल्या आहेत, हिरव्या लुगड्यात. त्या रोज दुपारी शेरडं चारताना तिथं चहा करायच्या. झालं, उत्तर मिळालं. त्या सांगत होत्या, "मी पानी टाकून चूल इझवली हुती. राखत हात घालून बघितला हुता." कुणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. गुरुवारी ग्रामसभा बोलावली आणि ठराव तयार ठेवला, की लंकाबाईंच्या शेरडांना माळ कायमचा बंद.

हा ठराव म्हणजे काय, हे शहरातल्या मंडळींना सांगायला हवं. लंकाबाई आणि त्यांचे मालक वीस वर्षं ऊसतोडीला जात होते. दिवाळी झाली की गाव सोडायचं, उन्हाळ्यात परत यायचं. अकरा शेरडं झाली तेव्हा कुठे त्यांचा कोयता सुटला. माळ बंद म्हणजे शेरडं विकायची आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा कोयता धरायचा. तेही न केलेल्या चुकीसाठी.

मी ठराव वाचायला उभी राहिले, तेवढ्यात मागून एक शहरी माणूस पुढे आला. आम्ही त्याला फक्त टॉवरवाला म्हणून ओळखत होतो. हातात हेल्मेट, शर्ट घामानं भिजलेला. म्हणाला, "सरपंचबाई, ते वाचू नका. आग माझ्याकडून लागली." आणि त्यानं मोबाईल माझ्यासमोर धरला. तोच फोटो, उत्तम शेऱ्याचा. कुंपण स्वच्छ, आणि उजव्या कोपऱ्यात, शेणाच्या ढिगावर, धुराची एक बारीक रेघ.

मला सांगा, त्यांना कुणी विचारलं होतं का? कुणाचा संशय होता का? ते गप्प राहिले असते तर आज त्यांच्या गौरवपत्रात एक ओळही कमी झाली नसती. त्यांना दोन दिवसांनी डिझेल पोचवणाऱ्याकडून कळलं, की लंकाबाईंवर आळ आलाय. रात्रभर झोप नाही, आणि सकाळी प्रणितावहिनींनीच त्यांच्या हातात हेल्मेट दिलं, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं. वहिनी, त्या हेल्मेटसाठी टाळ्या तुम्हाला हव्यात.

थांबा, अजून संपलं नाही. ग्रामसभा पेटली. टॉवर पाडा, याला कोंडा, गाडी जप्त करा, जो तो बोलायला लागला. मी पण पेटले होते, माझ्या जिभेला हाड नाही हे मागच्या रांगा सांगतील. तेव्हा ज्यांच्यावर आळ होता त्या लंकाबाई उठल्या. त्यांचे शब्द मला पाठ आहेत.

"टावर पाडून माळ उगवनार हाय का? ज्यानं जाळला त्यानंच राखायचा. दर रईवारी यायचं. आन् भोवत्या परत येस्तवर ह्यो मानूस माझ्या माळावरून सुटला न्हाई."

खोकडवाडीच्या इतिहासात एवढा छोटा निकाल दुसरा नाही. माधवराव म्हणाले, "मान्य." आणि नऊ वर्षं हा माणूस दर रविवारी सावेडीहून पाथर्डीपलीकडे येत राहिला. आधी आम्ही हसलो. पाच-सहा आठवडे येईल म्हणालो. पहिल्या पावसाळ्यात बायकांबरोबर चिखलात बसून त्यांनी पवना गवताचं बी टोकलं. उठताना कमरेवर हात ठेवून जे काही पुटपुटले, ते इथं सांगण्यासारखं नाही.

कंपनीला त्यांनी स्वतःच सगळं लिहून कळवलं. कंपनीनं त्यांना तीन महिने घरी बसवलं. ते परत कामावर आले आणि पहिल्याच दिवशी दुसरं पत्र लिहिलं, की कुंपणातलं गवत जाळायची पद्धत बंद करा. मग तिसरं, मग चौथं. अनीश साहेब, तुमच्या आधीच्या साहेबांनी अकराव्या पत्राला उत्तर दिलं म्हणे. पण दिलं, हे मी मान्य करते. आज जिल्ह्यातल्या तुमच्या एकाही टॉवरवर गवत पेटवत नाहीत. आमच्याकडे पाऊस संपला की बायका विळ्यानं कापतात आणि चारा गावाला मिळतो. डिझेलचं इंजिन गेलं, सौर पॅनेल आले. केबलचा चर माळाच्या मधोमध जाणार होता, तो माधवरावांनी नकाशावर बोट ठेवून रस्त्याच्या कडेला वळवला. जास्तीचा पाऊण किलोमीटर खोदावा लागला, कंपनीनं खोदला. कंपनी म्हणजे शेवटी काय असतं? टॉवर, की आत बसलेली माणसं? एक चिवट माणूस आत असला की केवढी मोठी कंपनी वळते, ते आम्ही गावात बसून पाहिलं.

आणि मग त्यांनी टॉवरच्या टोकावर कॅमेरा बसवला. माळावर धूर दिसला, की गावातले बेचाळीस फोन एकदम वाजणार आणि सूचना ऐकू येणार. सूचना माधवरावांनी स्वतःच्या आवाजात भरली. "सावधान. आपल्या परिसरात अग्निसदृश परिस्थिती उद्भवलेली आहे. कृपया तातडीने उपाययोजना करावी." चाचणीच्या दिवशी बेचाळीस फोन वाजले आणि एक्केचाळीस जणांनी, कंपनीची जाहिरात आली म्हणून, सावधानच्या पुढे ऐकलंच नाही. बेचाळिसावी मी. मी सरपंच होते म्हणून शेवटपर्यंत ऐकलं, आणि मलाही रिचार्जचं काहीतरी वाटलं.

लंकाबाई म्हणाल्या, "आन तो डबा हिकडं." त्यांना कॅमेरा, फोन सगळं डबाच. त्यांच्या आवाजात सूचना भरली. "माळावर धूर हाय. ताटं सोडा आन् निघा." बस्स, एवढंच.

गेल्या मार्चमधली दुपार. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी विडी फेकली. दोन वाजून दहा मिनिटांनी बेचाळीस घरांत लंकाबाई बोलल्या. आमच्या घरी पाहुणे जेवत होते. माझे मालक ताटावरून उठले, पाहुणेही उठले. त्यांना वाटलं म्हातारी दारात उभी आहे. ओली गोणपाटं, निरगुडीच्या फांद्या, जे हाताला लागलं ते घेऊन गाव धावलं. स्वतः लंकाबाई सगळ्यांच्या पुढं होत्या, कारण त्यांचा फोन वाजायच्या आधीच त्यांना वास आला होता. अडीचला आग विझली. मंडळी, तीनशे एकरांतला दीड एकर गेला. फक्त दीड एकर. त्या दिवशी माधवराव एका टॉवरवर होते, काष्टीकडे. मी फोनवर आकडा सांगितला तर पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं रेंज गेली. ते रडत होते.

आता भोवत्यांचं सांगते. दोन वर्षांपूर्वी दोन आले होते. माधवरावांनी आनंदानं लंकाबाईंना दाखवले. लंकाबाई म्हणाल्या, "दोन मंजी वाट चुकल्यालं. थवा यिऊ दे." शिक्षा पुढे चालू. त्याच्या पुढच्या वर्षी नऊ. "पाव्हनं आलं, मुक्कामाचं न्हाईत." शिक्षा चालू. कंपनीचे लेखापरीक्षकसुद्धा एवढे कडक नसतील.

मार्चमध्ये वाचलेलं गवत यंदाच्या पावसात कमरेएवढं झालं. आणि या नोव्हेंबरात, एका रविवारी, दिवस कलताना ते आले. एकेक करून, गवताला पोट लागेल इतक्या खाली उतरत. आम्ही बांधाच्या आड बसलो होतो. लंकाबाई विसानं मोजतात. बोटं मिटत मिटत त्यांनी मोजलं आणि हळूच म्हणाल्या, "तीन इसा आन् वर तीन." त्रेसष्ट. माधवरावांनी विचारलं, "मावशी, सुटलो का?" त्या म्हणाल्या, "बघू. गाव काय म्हंतंय बघू."

तर गाव काय म्हणतं ते सांगायला आम्ही आलो आहोत. परवाच्या ग्रामसभेत एकमतानं ठराव झाला आहे, तो मी वाचते. "माधव मुळे यांना दिलेली शिक्षा आज पुरी झाली. त्यांनी माळ राखला. यापुढे ते खोकडवाडीला येतील ते गावचे म्हणून." शाल-श्रीफळ कंपनीनं दिलंच आहे. आम्ही पवना गवताची पेंढी आणली आहे, लंकाबाईंनी स्वतः कापलेली. माधवराव, आजपासून तुम्ही कंपनीतूनही सुटलात आणि आमच्या माळावरूनही. रविवारी घरी बसून दाखवा आता.

कंपनीनं आम्हाला या व्यासपीठावर जागा दिली, अध्यक्षांनी एवढं सगळं हसत ऐकून घेतलं, सभागृहानं मला पंचवीस मिनिटं सहन केलं, त्याबद्दल मी आपली आभारी आहे.

आणि आता शेवटचं. भाषण संपवताना, काही उणंअधिक बोलले असेन तर क्षमा असावी, असं म्हणायचा प्रघात आहे. मी शेकडो भाषणांत ते म्हटलं आहे, आणि खरं सांगू, एकदाही मनापासून नाही. माधवराव नऊ वर्षांपूर्वी भर सभेत उभे राहिले. त्या सभेत चुकलेलं आणखी एक माणूस होतं, ते आजवर उभं राहिलं नाही. लंकाबाईंचं नाव लिहिलेला तो न वाचलेला ठराव माझ्या पर्समध्ये आहे. अक्षर माझं आहे. लंकाबाई, गावात मी तुम्हाला आत्याबाई म्हणते; आत्याबाई, तुम्ही राखेत हात घालून बघितला होता. मी तुम्हाला साधं विचारलंही नव्हतं. या सगळ्यांच्या समोर मी तुमची क्षमा मागते.

मंडळी, त्या हातानं खूण करताहेत. गावातल्या लोकांना ती खूण माहीत आहे. ताट थंड होतंय, खाली ये, असा तिचा अर्थ. येते, आत्याबाई.

नमस्कार.