मर्टलनं छापलेली पिशवी

(वकील नोरीन पेल्की यांची कचेरी. समोर ऑरिन हॅस्केट : जन्म सफरचंदाच्या बागेत गेलेला, आता एकटाच राहिलेला हट्टी म्हातारा. सफरचंदं तोडून ठेवायच्या आपल्या पिशवीचं पेटंट मिळावं म्हणून भांडतोय.)

ऑरिन : म्हणजे अपिलातही आपटलोच! माझ्याआधी असली पिशवी केली तरी कुणी? नाव सांगा त्या लबाडाचं.

नोरीन : केली कुणीच नव्हती, काका. छापली होती. तुमच्या अर्जाच्या चौदा महिने आधी. छापून आलं की ते जगाचं होतं, मग पेटंट कसलं!

ऑरिन : छापली कुठं?

नोरीन : तुमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या अंकात. गावच्या वाचनालयात आहे तो. लिहिणारी मर्टल हॅस्केट.

ऑरिन : आमची मर्टल?

नोरीन : ऐका. "सफरचंदं आपटून डागाळू नयेत म्हणून आमच्या ह्यांनी पिशवीला दुहेरी तळ लावलाय. दोरी हळूहळू सोडली की आतला तळ आधी उघडतो, मग बाहेरचा. दोरी डाव्या बाजूला, कारण ह्यांचा उजवा खांदा दुखतो. पण सांगतील तर शपथ!"

ऑरिन : तो अंक माझ्यापुढं धरला होता तिनं. मी म्हटलं, नंतर बघू.

नोरीन : घरच्या माणसानं छापलं तर कायदा वर्षभर सवलत देतो. आपण दोन महिन्यांनी चुकलो.

ऑरिन : त्याच हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. अर्ज कुणाला सुचतोय? तिला मातीआड करून आलो, मग कागद काढले.

नोरीन : प्रकरण पुन्हा उघडायची एक वाट आहे. जुना मजकूर आडवा यायचा, तर त्यावरून जाणत्याला वस्तू करता आली पाहिजे. तुम्ही शपथेवर लिहून द्या : बायकोला पिशवीची रचना कळलीच नव्हती, ऐकीव काहीतरी खरडलं.

ऑरिन : तिच्या मजकुरावर अपिलातले तिघे न्यायाधीश काय म्हणाले?

नोरीन : "या बाईंच्या वर्णनावरून कुणीही जाणता कारागीर ही पिशवी शिवेल."

ऑरिन : बघा! तिघा शिकल्यासवरल्यांना कळलं. आणि मी जन्मभर काय म्हणालो? तुला यातलं काय कळतंय, गप्प बस!

नोरीन : सही नाही केलीत तर सहा वर्षांची मेहनत पाण्यात. उद्या कुणीही तुमची पिशवी विकेल आणि तुमचं नावही घेणार नाही.

ऑरिन : विकू दे. ती होती तेव्हा तोंडानं बोललो, तेच आता शपथेवर लिहू? नाही व्हायचं माझ्याच्यानं. काळीज फाटतंय हो, वकीलबाई.

नोरीन : मग... फाइल बंद करू?

ऑरिन : करा. तेवढा अंकाचा कागद मला द्या. आमच्या घरातला मी न वाचताच शेगडीत घातला होता.