ओट्याला न घासलेला ट्रक

माझं लगन रिव्हर्स गिअरवर जमलं म्हनलं तर तुमी हसाल. गोरेगाव नावाच्या खेड्यात पोरगी पाहायला निघालो, तवा मामानं बजावलं, "ड्रायव्हर हाय म्हनू नको. कंपनीत हाय म्हन."

पोहे हातात आले अन् बाहेर ओरडा सुरू झाला. सोयाबीनचा भरलेला ट्रक बोळीत अडकून पोरीच्या बापाच्या नव्यानं बांधलेल्या ओट्याला भिडायला आलेला. मला काही बसवेना. बशी ठेवली, त्या ड्रायव्हरला खाली उतरवलं अन् गाडी मागं घेत घेत सडकेवर नेऊन लावली. ओट्याचा टवकाबी उडाला न्हाई.

परत आलो तर मामानं डोक्याला हात लावलेला. पोरीच्या बापानं विचारलं, "कंपनीत काय करता?"

"कंपनी न्हाई. ट्रक चालवतो. आमचं स्लॅबचं घर, बहिणीचं लगन, समदं या स्टेअरिंगवरच झालं."

ते मामाकडं वळले. "मंग हे काहून लपवून राहिले तुमी? दर सुगीला ट्रकवाले माझा ओटा फोडून जातात!"

लग्नपत्रिकेत लोकांच्या नावापुढं डिग्री असते. मामानं माझ्या नावापुढं ठळक छापून आनलं: ड्रायव्हर.